आयुष्मान कार्ड घेणारा फॅमिली डॉक्टर कुठे मिळेल?

पत्र: आम्ही सिडकोत, पवननगरजवळ राहतो. मिस्टर अंबड एमआयडीसीत सहा वर्षांपासून कामाला आहेत, पगार १८,५०० रुपये. सासूबाई ७२ वर्षांच्या, शुगर आणि बीपी दोन्ही आहे. मागे एका कॅम्पमध्ये त्यांचं आयुष्मानचं कार्ड काढून घेतलं. पाच लाखांपर्यंत सगळं मोफत, असं तिथे सांगितलं. पण तीन दवाखान्यांत कार्ड दाखवलं, तिघांनीही ‘इथे चालत नाही’ म्हणून परत पाठवलं. चौथ्या ठिकाणी ‘दोन दिवस ॲडमिट करा, मग बसवून देतो’ असं ऐकायला मिळालं. डॉक्टरांची फी, गोळ्या आणि तपासण्या मिळून महिन्याला दोन-अडीच हजार जातात. हे कार्ड घेणारा फॅमिली डॉक्टर नाशकात कुणी आहे का? मिस्टरांच्या पगारातून ईएसआयसी (कामगार विमा) कापतात, पण ते अपघात झाला तरच उपयोगी पडतं असं ते म्हणतात. हल्ली संध्याकाळी सासूबाईंचे पाय पण सुजतात.
– एक वाचक, सिडको

ताई, नमस्कार.

हे कार्ड घेणारा फॅमिली डॉक्टर तुम्हाला नाशकात मिळणार नाही आणि मुंबई-पुण्यातही मिळणार नाही. त्या तीन डॉक्टरांनी तुम्हाला टाळलेलं नाही. आयुष्मान भारत काय किंवा आपली महात्मा ज्योतिराव फुले जन आरोग्य योजना काय, दोन्ही योजना ॲडमिट होणाऱ्या पेशंटसाठी आहेत. ऑपरेशन, डायलिसिस, केमो, हार्ट ॲटॅक, आयसीयू असे ठरवून दिलेले उपचार, त्यांचे ठरलेले पॅकेज, आणि तेही योजनेत नोंद असलेल्या रुग्णालयातच. दवाखान्यात जाऊन बीपी मोजलं, चिठ्ठी घेतली, मेडिकलमधून गोळ्या आणल्या, याचे पैसे या योजना कुणालाच देत नाहीत. त्यामुळे कोपऱ्यावरच्या डॉक्टरांची इच्छा असली तरी त्यांना बिल पाठवायला जागाच नाही. कॅम्पमध्ये हे सांगायला हवं होतं, आणि बहुतेक ठिकाणी सांगत नाहीत, याचं आम्हाला वाईट वाटतं. लोक महिनोन्‌महिने कार्ड घेऊन दारोदार फिरतात.

चौथ्या ठिकाणचा प्रस्ताव मात्र साफ नाकारा. नुसत्या तपासण्यांसाठी किंवा शुगरच्या गोळ्या बदलण्यासाठी ॲडमिट करणं योजनेत बसत नाही. रुग्णालयाला आधी ऑनलाइन मंजुरी घ्यावी लागते आणि त्यासाठी रिपोर्ट जोडावे लागतात. मंजुरी नाकारली गेली की बिल तुमच्या हातात येतं. खोटं निदान लिहून मंजुरी मिळवली, तर सासूबाईंच्या नावावर नसलेला आजार चढतो, वर्षाच्या पाच लाखांतून रक्कम वजा होते आणि उद्या खरंच गरज पडली की तोच खोटा कागद आडवा येतो.

एक गोष्ट आजच तपासा. घरात आहे ते कार्ड नक्की कोणतं? कॅम्पमध्ये अनेकांना ‘आभा’ कार्ड देतात. त्यावर १४ आकडी नंबर असतो आणि तो फक्त तुमचे रिपोर्ट एका जागी जोडण्यासाठी असतो. आभा म्हणजे विमा नव्हे, त्यावर एक रुपयाचाही उपचार मिळत नाही. सासूबाईंना ७० पूर्ण झाली आहेत, म्हणून त्यांच्यासाठी ‘आयुष्मान वय वंदना’ हे वेगळं कार्ड आहे. २९ ऑक्टोबर २०२४ पासून ते सुरू झालं. त्याला उत्पन्नाची अट नाही, रेशनकार्डाच्या रंगाची अट नाही, आधारवरचं वय ७० किंवा त्याहून जास्त असलं की पुरे. घरातला माणूस ईएसआयसीत असला तरीही ते मिळतं. आयुष्मान ॲपवरून किंवा आपले सरकार सेवा केंद्रात ते निघतं. म्हाताऱ्या माणसांच्या बोटांचे ठसे बऱ्याचदा मशीनला लागत नाहीत, मग ओटीपीवर काम होतं. त्यासाठी आधारला चालू मोबाइल नंबर जोडलेला हवा, तो आधी जोडून घ्या. नाहीतर केंद्रावर तासभर बसून हात हलवत परत यावं लागतं.

आता तुमच्या खऱ्या प्रश्नाकडे येऊ. तुम्हाला महिन्याच्या महिन्याला बघणारा, पैसे न घेणारा डॉक्टर हवाय. त्याची सोय तुमच्याच घरात आहे, मिस्टरांच्या पगाराच्या स्लिपवर. ईएसआयसी फक्त अपघातासाठी असतं हा समज कारखान्यांमध्ये फार पसरलेला आहे आणि तो चुकीचा आहे. २१,००० रुपयांपर्यंत पगार असलेल्या कामगाराकडून पगाराच्या ०.७५ टक्के कापतात आणि मालक ३.२५ टक्के भरतो. १८,५०० वर हिशेब धरला तर दरमहा सुमारे १३९ रुपये मिस्टरांचे आणि सहाशेच्या आसपास कंपनीचे. या पैशांत मिस्टर, तुम्ही, मुलं आणि अवलंबून असलेले आईवडील, या सगळ्यांची ओपीडी, गोळ्या, तपासण्या आणि ॲडमिट होणं, सगळं येतं. सहा वर्षं तुम्ही फॅमिली डॉक्टरची फी भरताय, फक्त त्याच्याकडे गेला नाहीत.

हा डॉक्टर दोन प्रकारे मिळतो. एक, कामगार विमा योजनेचा सरकारी दवाखाना. दुसरा, योजनेच्या पॅनेलवरचा खासगी डॉक्टर, ज्याला कामगार ‘पॅनेल डॉक्टर’ म्हणतात. तो आपल्याच दवाखान्यात बसतो, पण विम्याच्या पेशंटकडून फी घेत नाही. त्याला नोंदवलेल्या कामगारांमागे ठरावीक रक्कम योजनेकडून मिळते, कुणी किती वेळा आलं यावर नाही. ही व्यवस्था लक्षात ठेवा, कारण काही ठिकाणी विम्याच्या पेशंटला संध्याकाळच्या गर्दीत मागे बसवतात. तसं वाटलं तर सकाळच्या वेळेत जा. वागणूक सुधारली नाही, तर दवाखाना बदलून घ्यायचा हक्क तुम्हाला आहे.

मिस्टरांचं ई-पहचान कार्ड, म्हणजे ईएसआयसीचं ओळखपत्र, मागवा. कंपनीच्या एचआरकडून साध्या कागदावर त्याची प्रिंट मिळते. त्यावर दहा आकडी विमा नंबर, कुटुंबातल्या माणसांची नावं आणि नेमून दिलेल्या दवाखान्याचं किंवा पॅनेल डॉक्टरचं नाव असतं. हा कागद नीट वाचा, निम्म्या अडचणी याच कागदावर दिसतात. सगळ्यात जास्त आढळणारी चूक म्हणजे दवाखाना कंपनीजवळचा किंवा आधीच्या नोकरीतल्या गावाचा लिहिलेला असतो. राहायला सिडकोत आणि दवाखाना सिन्नरला, असंही होतं. तसं असेल तर घराजवळचा दवाखाना किंवा पॅनेल डॉक्टर बदलून घ्या. कुठे कोण आहे, याची यादी ईएसआयसीच्या शाखा कार्यालयात मिळते, आणि १८०० ११ २५२६ या टोल फ्री नंबरवरही विचारता येतं.

दुसरी चूक, कागदावर कुटुंबच नसतं. लग्नाआधी नोकरी लागली, तेव्हा भरलेली माहिती तशीच राहते. सासूबाईंचं नाव त्यात जवळजवळ नक्कीच नसेल. आईवडिलांचं नाव लागायला एक अट आहे: त्यांचं सगळ्या मार्गांनी मिळून उत्पन्न महिन्याला ९,००० रुपयांपेक्षा जास्त नसावं. सासूबाईंना पेन्शन असेल, तर ती या आकड्यात धरतात. अट पूर्ण होत असेल तर मिस्टरांनी एचआरला सासूबाईंचा आधार, फोटो आणि अवलंबून असल्याचं लिहून द्यायचं, कंपनी ते पोर्टलवर चढवते. आधारवरचं नाव जसंच्या तसं लागायला हवं. आधारवर ‘सुमनबाई’ आणि पोर्टलवर ‘सुमन’ एवढ्या फरकावरही काम अडकतं. नाव चढल्यावर नवी प्रिंट काढून घ्या आणि त्यात सासूबाईंचं नाव स्वतःच्या डोळ्यांनी बघा. ‘टाकलंय, होऊन जाईल’ यावर थांबू नका.

तिसरी चूक ठेकेदारामार्फत काम करणाऱ्यांची. ठेकेदार बदलला की नवा माणूस जुना नंबर न विचारता नवीनच काढतो. एका माणसाचे दोन विमा नंबर झाले की भरलेले पैसे दोन खात्यांत विभागले जातात आणि दवाखान्यात ‘तुमचं चालू दिसत नाही’ असं उत्तर मिळतं. एक माणूस, एक नंबर, नोकरी कितीही बदलली तरी. मिस्टर आधी कुठे कामाला असतील तर हे विचारून घ्या. दोन नंबर असतील तर शाखा कार्यालयात अर्ज देऊन एकत्र करता येतात.

पगारवाढ होऊन आकडा २१,००० च्या वर गेला तरी लगेच काही तुटत नाही. एप्रिल ते सप्टेंबर आणि ऑक्टोबर ते मार्च असे सहा-सहा महिन्यांचे टप्पे असतात. मे महिन्यात पगार वाढला, तर सप्टेंबरअखेरपर्यंत कपात चालूच राहते आणि विमाही. निवृत्तीनंतरचीही एक सोय फार थोड्यांना माहीत असते: किमान पाच वर्षं विम्यात काढून वयोमानानुसार निवृत्त झालेल्या कामगाराला वर्षाला १२० रुपये भरून स्वतःसाठी आणि जोडीदारासाठी हेच उपचार पुढे चालू ठेवता येतात.

पहिल्या भेटीला ई-पहचानची प्रिंट, मिस्टरांचं आणि सासूबाईंचं आधार, सासूबाईंच्या सगळ्या जुन्या चिठ्ठ्या आणि गेल्या वर्षभराचे रिपोर्ट न्या. गोळ्यांची पाकिटंच पिशवीत टाका, नावं तोंडी सांगू नका. पॅनेल डॉक्टर नेहमीच्या गोळ्या देतो. स्पेशालिस्ट लागला तर सातपूरच्या कामगार विमा रुग्णालयाची चिठ्ठी देतो. ही चिठ्ठी महत्त्वाची. ती न घेता परस्पर खासगी रुग्णालयात गेलात, तर ते पैसे नंतर मागणं फार अवघड जातं, जिवावर बेतलेला प्रसंग असला तर गोष्ट वेगळी. मिस्टर आजारी पडले तर रजेचा दाखलाही हाच डॉक्टर देतो, आणि त्या दाखल्यावर विम्यातून पगाराच्या ७० टक्के रक्कम मिळते, वर्षाला ९१ दिवसांपर्यंत. त्यासाठी आधीच्या सहा महिन्यांच्या टप्प्यात ७८ दिवसांची वर्गणी भरलेली लागते. मोठ्या सुपरस्पेशालिटी उपचारांसाठी दिवसांच्या अटी वेगळ्या आहेत, त्या शाखा कार्यालयात विचारा.

(वाचकांपैकी जे माजी सैनिक आहेत त्यांच्यासाठी देवळालीला ईसीएचएसचं पॉलिक्लिनिक आहे, आणि सीजीएचएसवाल्यांना, म्हणजे केंद्र सरकारच्या कर्मचारी-पेन्शनरांना, त्यांचं वेलनेस सेंटर. ७० वर्षांवरच्यांनी वय वंदना कार्ड घेतलं, तर या दोहोंना मात्र एकच योजना निवडावी लागते.)

सासूबाई विम्यात बसल्या नाहीत, किंवा कागद होईपर्यंत मधल्या काळात काय करायचं? जिल्हा रुग्णालयात, म्हणजे आपल्या सिव्हिलला, १५ ऑगस्ट २०२३ पासून केसपेपरचेही पैसे लागत नाहीत. तपासणी, गोळ्या, साध्या टेस्ट सगळं मोफत. शालिमारचं संदर्भ सेवा रुग्णालयही त्याच राज्य आरोग्य खात्याचं, हृदय आणि किडनीच्या डॉक्टरांसाठी सिव्हिलमधून तिकडे पाठवतात. सिडकोत महापालिकेचं मोरवाडीचं रुग्णालय तुम्हाला जवळ पडेल. महापालिकेचा कारभार वेगळा असल्यामुळे तिथे थोडी फी लागू शकते. प्रभागातल्या शहरी आरोग्य केंद्रात बीपी-शुगरची नोंद करून गोळ्या देतात. ‘आपला दवाखाना’ दुपारी २ ते रात्री १० असतो, सकाळी सुटी न मिळणाऱ्यांना तो सोयीचा. सरकारी ठिकाणी खरी अडचण असते ती दर वेळी नवा डॉक्टर भेटण्याची. त्यावर उपाय वहीचा. शंभर पानी वही घ्या, प्रत्येक भेटीत तारीख, बीपी, शुगर, वजन आणि बदललेली गोळी डॉक्टरांकडूनच लिहून घ्या. नवा डॉक्टर दोन मिनिटांत जे वाचेल, ते सासूबाईंना सांगता येणार नाही.

आणि आहे त्या खासगी डॉक्टरांकडेच राहायचं ठरवलंत, तर तेही चुकीचं नाही. वर्षानुवर्षं घर ओळखणारा डॉक्टर कार्डापेक्षा मोलाचा असतो. फक्त खर्च कुठे कमी होतो ते बघा. त्यांना चिठ्ठीवर कंपनीच्या नावाऐवजी औषधाचं मूळ नाव लिहायला सांगा आणि ती चिठ्ठी जनऔषधी केंद्रात न्या. मेटफॉर्मिन, ग्लिमेपिराइड, टेल्मिसार्टन, ॲम्लोडिपिन या रोजच्या गोळ्या तिथे बाजारभावाच्या मानानं खूप स्वस्त पडतात. घेताना ताकद आणि प्रकार जुळतोय ना ते बघा: मेटफॉर्मिन साधी वेगळी आणि ‘एसआर’ (पोटात हळूहळू विरघळणारी) वेगळी, आणि दोन औषधं एकत्र असलेल्या गोळीच्या जागी दोन सुट्या गोळ्या आल्या तर घरी त्याच पाकिटावर पेननं लिहून ठेवा. नाहीतर जुनी गोळी आणि नवी गोळी दोन्ही पोटात जातात आणि शुगर एकदम खाली येते. म्हाताऱ्या माणसांच्या बाबतीत ही चूक फार घातक आहे.

डॉक्टर चांगला आहे की नाही, हे पाटीवरच्या डिग्रीइतकंच त्याच्या तपासणीवरून कळतं. शुगरच्या पेशंटला चप्पल काढायला लावून तो तळवे आणि बोटांच्या बेचक्या बघतो का? जिना चढून आल्या आल्या दंडाला पट्टा न गुंडाळता पाच मिनिटं बसवून मग बीपी मोजतो का? उठून उभं केल्यावर चक्कर येते का, हे विचारतो का? तीन महिन्यांची सरासरी शुगर, म्हणजे एचबीए१सी, वर्षातून किमान दोनदा, आणि क्रिएटिनिन (किडनीसाठीची रक्ततपासणी), लघवीतली प्रथिनं आणि डोळ्यांच्या पडद्याची तपासणी वर्षातून एकदा, हे तो स्वतःहून सांगतो का? आणि एक प्रश्न तुम्ही थेट विचारा: ‘उद्या ॲडमिट करायची वेळ आली तर योजनेतल्या रुग्णालयाला चिठ्ठी द्याल का?’ फॅमिली डॉक्टर कार्ड घेत नाही, पण कार्ड चालेल तिथे पाठवणं त्याच्या हातात असतं.

ते रुग्णालय कोणतं, हे आजारपण येण्याआधी ठरवा. रुग्णालय योजनेत आहे एवढ्यावर भागत नाही, कोणत्या आजारासाठी आहे ते बघावं लागतं. हाडांसाठी नोंद असलेल्या रुग्णालयात हृदयाच्या उपचारांना कार्ड चालत नाही. काही उपचार तर फक्त सरकारी रुग्णालयांसाठीच राखून ठेवलेले आहेत. १५५३८८ हा राज्य योजनेचा आणि १४५५५ हा आयुष्मानचा नंबर. दोन्हीकडे विचारा: नाशकात हृदयासाठी कोण, किडनीसाठी कोण, हाडांसाठी कोण. तीन नावं त्या वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवा. रुग्णालयात गेल्यावर बिलिंगच्या खिडकीवर जाऊ नका, आधी आरोग्यमित्राचं, म्हणजे योजनेच्या मदतनिसाचं, टेबल शोधा. आधार, रेशनकार्ड आणि आयुष्मान कार्ड तिथे द्या आणि पैसे भरण्याआधी नोंदणी करून घ्या. ‘आधी डिपॉझिट भरा, नंतर योजनेत टाकू’ असं कुणी म्हणालं तर तिथूनच त्या नंबरवर फोन लावा. योजनेत नोंद झालेल्या पेशंटकडून पॅकेजमधल्या औषधाचे, इम्प्लांटचे किंवा जेवणाचे पैसे घेता येत नाहीत. घरी सोडल्यानंतरच्या १० ते १५ दिवसांच्या गोळ्याही, कोणत्या योजनेत नोंद झाली त्याप्रमाणे, पॅकेजमध्येच असतात. त्या न घेता निघू नका.

आता पत्राच्या शेवटी तुम्ही एका वाक्यात लिहिलेली गोष्ट, पाय सुजण्याची. ७२ वर्षं, शुगर आणि बीपी, यात पायांची सूज किडनीमुळे असू शकते, हृदयामुळे असू शकते, आणि बीपीच्या ॲम्लोडिपिन गोळीमुळेही येते. कारण कोणतं, हे क्रिएटिनिन, लघवीची तपासणी आणि ईसीजी केल्याशिवाय कळणार नाही. तोवर बीपीची गोळी स्वतःच्या मनानं बंद करू नका, आणि शेजारच्यांनी सांगितलेली लघवीची गोळीही देऊ नका. नडगीच्या हाडावर अंगठ्यानं दहा सेकंद दाबून बघा, खड्डा राहतो का ते वहीत लिहा. सूज दोन्ही पायांना आहे की एकाच, सकाळी उतरते का, झोपताना उशा वाढवाव्या लागतात का, हेही लिहा. एकच पाय सुजून दुखत असेल, दम लागत असेल किंवा लघवी कमी झाली असेल, तर त्याच दिवशी न्या. रात्र असली तर १०८ लावा. यातलं काही नसलं, तरी ईएसआयसीच्या कागदांची वाट बघत थांबू नका. उद्या सकाळी गोळ्यांची पाकिटं पिशवीत घाला आणि सासूबाईंना सिव्हिलच्या ओपीडीत घेऊन जा.